धरमपेठ-गोकुळपेठेतला शनिवार-रविवारचा ब्रंच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर, रामनगर या पट्ट्यात सुटीच्या दिवशी सकाळी उशिरा खायला कुठे जावं, हे नागपुरात नव्याने राहायला आलेले विचारतात, तसेच इथेच लहानाचे मोठे झालेलेही विचारतात. बहुतेकांना एखादं नाव हवं असतं. मी मात्र आधी विचारते, किती वाजता निघणार? या शहरात सकाळचं खाणं घड्याळावर चालतं. उत्तम पोह्यांची टपरी साडेअकराला गाठली तर बुडाशी राहिलेले पोहे मिळतात, आणि उत्तम कॅफे साडेआठला गाठला तर शटर खाली असतं. म्हणून खालची उत्तरं जागेपेक्षा वेळेबद्दल आणि पारखण्याबद्दल जास्त आहेत.

नागपुरात ब्रंचला नेमकं काय खायचं?

पहिलं नाव तर्री पोह्यांचं. मोकळे, हळदीचे पोहे, त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री, कच्चा कांदा, शेव किंवा चिवडा, वरून सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि लिंबाची फोड. त्याच टपरीवर आलूबोंडा, समोसा, कचोरी असते आणि त्यांनाही तर्रीच लागते. थंडीत सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर ठासून भरलेली पुडाची वडी, कढीबरोबर किंवा नुसतीच. डोसा-इडलीची दुकानं प्रत्येक मोठ्या रस्त्यावर आहेत. ऑम्लेट, पॅनकेक, सँडविच असलेले कॅफे गेल्या काही वर्षांत या भागात चांगलेच वाढले. आणि ज्यांचा ब्रंच दुपारी बारानंतर सुरू होतो त्यांच्यासाठी वडाभात, पाटोडी रस्सा, झुणका-भाकर आहेच.

माझ्या मते एकाच ठिकाणी बसून हे सगळं शोधू नये. नागपूरचा चांगला ब्रंच दोन थांब्यांचा असतो. आधी टपरीवर उभ्याने एक प्लेट, मग चालत जाऊन कॅफेत किंवा हॉटेलात निवांत बसणं. पहिल्या थांब्यावर चव, दुसऱ्यावर गप्पा. एकाच जागेकडून दोन्हींची अपेक्षा ठेवणारे लोक सहसा नाराज होऊन परततात.

मग किती वाजता निघावं?

पोहे खायचे असतील तर साडेआठ ते दहा. त्याआधीही टपऱ्या सुरू असतात. अंबाझरी आणि फुटाळा तलावांवरून फिरून येणारी मंडळी सातपासूनच उभी दिसतात. पण ब्रंच म्हणून जायचं तर नऊची वेळ छान. भांडं दुसऱ्या-तिसऱ्यांदा भरलेलं असतं, तर्री मुरलेली असते आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरायला लागलेली असते. दहानंतर चांगल्या टपरीवरचा माल संपत येतो. अकराला गेल्यावर जिथे पातेलंभर पोहे शिल्लक दिसतात, तिथे रविवारी तरी मी दोनदा विचार करते.

कॅफे बहुतेक दहा-साडेदहाच्या सुमारास उघडतात, काही त्याहून उशिरा. उघडल्यावर पहिला अर्धा तास स्वयंपाकघर मांडण्यातच जातो, म्हणून अकरा ही कॅफेची वेळ धरा. रविवारी बाराच्या पुढे टेबलासाठी थांबावं लागतं. शनिवारी हेच ठिकाण निम्मं रिकामं असतं. ज्यांना शनिवारी सुटी आहे त्यांनी रविवारचा हट्ट धरू नये.

सावजी भोजनालयांची वेळ याच्याही नंतरची, दुपारी जेवणाच्या वेळेला. त्याबद्दल पुढे.

चांगली तर्री कशी ओळखायची? सगळ्या लालच दिसतात.

लाल रंगावर जाऊ नका. तेलात तिखट टाकलं की कोणताही रस्सा लाल होतो. चांगल्या तर्रीत काळे हरभरे रात्रभर भिजवून मऊ शिजवलेले असतात, कांदा-आलं-लसूण आणि खडा मसाला तेल सुटेपर्यंत परतलेला असतो, आणि रस्सा मंद आचेवर उकळत ठेवलेला असतो. जवळ उभं राहिल्यावर मसाल्याचा वास आला पाहिजे. नुसता मिरचीचा ठसका येत असेल आणि खोकला सुटत असेल, तर मसाला कच्चा आहे.

दुसरं म्हणजे हरभरा. तो बोटाने दाबला की फुटावा, पण प्लेटमध्ये अख्खा दिसावा. टणक हरभरा म्हणजे घाई झाली आहे. पिठूळ होऊन विरघळलेला हरभरा म्हणजे रस्सा तासन् तास गरम होत राहिला आहे, त्यात वरून पाणी आणि तिखट पडत गेलं आहे. अशी तर्री सुरुवातीला चविष्ट लागते आणि दुपारी घशाशी येते.

आता पोहे, ज्यांच्याकडे तर्रीच्या नादात कोणी बघत नाही. पोहे वाफेवर ठेवलेले असावेत आणि वाढताना हाताला मोकळे लागावेत. गोळा होत असतील तर भिजवताना पाणी जास्त झालं. कडक आणि वातड असतील तर गार होऊन पुन्हा गरम केलेत. तर्री पडली की या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात, म्हणून पहिला घास तर्री न लागलेल्या कोपऱ्यातून घ्यायचा. ओळखीच्या टपरीवर भाऊ तो कोपरा स्वतःहून कोरडा ठेवतात.

कांदा केव्हा चिरलाय तेही बघा. सकाळी घमेलंभर चिरून ठेवलेला कांदा नऊपर्यंत पाणी सोडतो आणि त्याला वास येतो. जिथे एक माणूस सतत कांदा चिरत बसलेला दिसतो, तिथे बाकीचंही ताजं असण्याची शक्यता पुष्कळ. माझ्यासाठी ही सगळ्यात भरवशाची खूण आहे.

या भागात नवीन आहे. कुठून सुरुवात करू?

पायी. गाडीवरून टपरी दिसते, पण तिथे काय चाललंय ते दिसत नाही. शंकरनगर चौकातून वेस्ट हायकोर्ट रोडला लागा, लक्ष्मीभुवन चौक, कॉफी हाऊस चौक करत पुढे चला, मग आत वळून गोकुळपेठ बाजाराकडे या. मुख्य रस्त्यावर कॅफे, मिठाईची दुकानं आणि बसून खायची हॉटेलं. आतल्या गल्ल्यांत आणि बाजाराच्या कडेला टपऱ्या आणि छोटी नाश्त्याची दुकानं. लॉ कॉलेज चौकाच्या बाजूला विद्यार्थ्यांची वर्दळ असते, तिथे पोटभर आणि स्वस्त खाणं मिळतं.

पहिल्या रविवारी काहीही न खाता एक चक्कर मारून या, असं मी सुचवते. पोट रिकामं असलं की पहिली टपरी गाठली जाते. चक्कर मारल्यावर कळतं की एकाच चौकात दोन टपऱ्या असल्या तरी एकीवर आसपासचे दुकानदार, ऑटोवाले, पेपर टाकणारी मुलं उभी आहेत आणि दुसरीवर फक्त फोटो काढणारे. रोज खाणारा माणूस जिथे उभा राहतो तिथे उभं राहावं. गोकुळपेठेतल्या भाजीवाल्या मावशींना विचारलंत तर त्या त्यांचा नाश्ता कुठून येतो ते सांगतात, आणि त्यांचं उत्तर एकदाही वाया गेलेलं मला आठवत नाही.

ऑनलाइन रेटिंगवर विश्वास ठेवावा का?

कॅफेसाठी थोडा, टपरीसाठी अगदी कमी. टपरीवर रोज खाणारे लोक अभिप्राय लिहीत बसत नाहीत. कॅफेचं रेटिंग बघताना सरासरी सोडा, अभिप्राय नवीन तारखेप्रमाणे लावा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतले तीन तारेवाले वाचा. पाच तारेवाले खूश असतात, एक तारावाले रागावलेले असतात. तीन तारेवाला काय आवडलं आणि काय नाही ते नीट लिहितो. ग्राहकांनी टाकलेले मेनूकार्डाचे फोटो बघितले तर भावाचाही अंदाज येतो. आचारी बदलला की कॅफेची चव बदलते, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकाला फारसा अर्थ नाही.

कॅफेत गेल्यावर काय मागवावं?

पहिल्या वेळी साधं ऑम्लेट किंवा अंड्याचा कोणताही पदार्थ, शाकाहारी असाल तर साधं ग्रिल सँडविच. या पदार्थांत लपायला जागा नसते: पाव ताजा आहे का, लोणी खरं आहे का, आच सांभाळता येते का, सगळं दहा मिनिटांत कळतं. चार पानांच्या मेनूत पिझ्झा, नूडल्स, टॅको आणि पावभाजी एकत्र असेल तर यातलं बरंचसं गोठवलेल्या पाकिटातून येणार हे गृहीत धरा. एका पानाचा मेनू असलेल्या जागेला मी नेहमी आधी संधी देते.

कॉफीबद्दल मात्र नागपूरकरांनी आता आग्रही व्हावं. कॉरिडॉर सेव्हनसारखे कॉफी भाजणारे याच शहरात काम करतात, त्यामुळे ताजी भाजलेली कॉफी मुंबई-पुण्याहून मागवायची गरज उरलेली नाही. कॅफेत विचारा, बी कुठलं आहे आणि भाजून किती दिवस झाले. ज्याला उत्तर माहीत आहे तो आनंदाने सांगतो. उत्तर आलं नाही तर सरळ चहा घ्या.

आई-बाबांना तिखट सोसत नाही आणि मुलं तर अजिबात खात नाहीत. आम्ही काय करावं?

“तर्री वेगळी द्या” एवढं म्हणायचं, कोणी नाक मुरडत नाही. कोरडे पोहे, शेव, लिंबू मुलांना आवडतात. आई-बाबांसाठी वाटीत थोडी तर्री घेऊन तिच्यातले नुसते हरभरे काढून पोह्यांवर घाला, वरचं तेल वाटीतच राहतं. दही मिळत असेल तर सोबत घ्या.

खरी अडचण बसण्याची असते. टपरीवर खुर्च्या नसतात, असल्या तर दोन प्लास्टिकचे स्टूल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेऊ नका. त्यांना आधी मिठाई-नाश्त्याच्या बसायच्या दुकानात किंवा उडप्याकडे बसवा आणि पोहे पार्सल करून घरी न्या. हल्दीरामसारख्या मोठ्या दुकानांत लिफ्ट, स्वच्छतागृह आणि पाण्याची सोय असते, आणि वयस्कर माणसं सोबत असली की चवीइतकंच हेही महत्त्वाचं असतं. लहान मुलं असतील तर धरमपेठेतलं ट्रॅफिक पार्क जवळच आहे. खाण्याआधी तिथे तासभर खेळवलं की मुलं पुढ्यात आलेलं खातात.

सावजी ब्रंचला चालतं का?

बाराच्या पुढे चालतं, आणि सकाळी फक्त चहा घेतला असेल तरच. सावजी ही हलबा-कोष्टी या विणकर समाजाची स्वयंपाकाची पद्धत. तिची जुनी घरं इतवारी, महाल, गोळीबार चौक या बाजूला आहेत. काळा, खूप मसाल्यांचा रस्सा आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. ते तेल आणि तो मसाला रिकाम्या पोटी झेपत नाही, म्हणून आधी पोळी किंवा भाकरीचे दोन घास, मग रस्सा. सकाळी तर्री पोहे खाऊन दुपारी सावजीला जाण्याचा बेत मी कुणालाच सुचवणार नाही.

मटण-चिकन न खाणाऱ्यांनी पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा मागवावा. पाटोडी रस्सा तर मांसाहारी माणसानेही एकदा खाऊन बघावा. बेसनाच्या वडीत रस्सा मुरतो तेव्हा मसाल्याची खरी ओळख होते. धरमपेठेतून जायचं तर गाडी घेऊ नका. मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन एलएडी चौक, शंकरनगर चौकातून जाते, सीताबर्डीवरून पुढे अग्रसेन चौक आणि चितार ओळीपर्यंत त्याच गाडीने जाता येतं, बदलावी लागत नाही. तिथून इतवारी-गांधीबाग जवळ.

उपवास असेल तर?

चतुर्थी-एकादशीला नाश्त्याच्या दुकानांत साबुदाण्याची उसळ आणि साबुदाणा वडे हमखास मिळतात. ज्या दिवशी उपवास नाही त्या दिवशी मिळतीलच असं नाही. कढई आणि तेल वेगळं आहे का, हे विचारायला संकोच करू नका. ज्या कढईत आलूबोंडे तळले तिच्यातच वडे तळलेले अनेकांना चालत नाहीत. श्रावणात मांसाहारी जागा ओस असतात आणि शाकाहारी जागांवर रांगा लागतात, तेव्हा अर्धा तास लवकर निघा. जैन पद्धतीचं हवं असेल तर तर्री सोडाच, तिचा पायाच कांदा-लसणाचा आहे. इडली, ढोकळा, जिलेबी घ्या.

बिलात सेवा शुल्क आणि जीएसटी दिसतो. सगळं द्यावंच लागतं का?

सेवा शुल्क नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार हॉटेलला सेवा शुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात ते दिसलं तर शांतपणे काढायला सांगा. नाही काढलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाढणाऱ्या मुलाला बक्षीस द्यायचं असेल तर ते हातात द्या, माझा तोच आग्रह असतो.

जीएसटी द्यावा लागतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. मोठ्या हॉटेलातला बुफे ठरवताना हा फरक आधीच धरावा, सहा माणसांच्या बिलात तो चांगलाच जाणवतो. छोटं दुकान कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, आणि बिलावर तसं लिहिलेलं असावं लागतं.

टपरीवरचं खाणं सुरक्षित आहे का?

नीट बघून खाल्लं तर आहे. तर्री सतत उकळती असते आणि तळण गरम निघतं, त्यामुळे भीती त्यांच्यापेक्षा पाणी, चटणी, कापलेला कांदा आणि प्लेटची जास्त. प्लेटा एकाच बादलीत बुडवून काढत असतील तर द्रोण मागा किंवा घरून स्टीलचा डबा न्या. वर्तमानपत्राच्या कागदावर खाऊ नका. छपाईची शाई अन्नात उतरते आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला नियमाने बंदी आहे. “भाऊ, पेपर नको” हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते, आणि आता बरेच जण न सांगताही साधा कागद किंवा द्रोण देतात.

बसून खायच्या जागेत एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापणं बंधनकारक आहे.

गाडी कुठे लावायची?

रविवारी अकराला लक्ष्मीभुवन चौकात चारचाकी लावायला जागा शोधण्यात ब्रंचचा अर्धा आनंद संपतो. दुचाकी किंवा मेट्रो. शंकरनगर चौक, एलएडी चौक आणि धरमपेठ कॉलेज ही तीन स्थानकं या भागाला लागून आहेत, तिथून पुढे चालत जाण्यासारखं अंतर. गाडी आणायचीच असेल तर नऊच्या आत आणा आणि आतल्या गल्लीत कुणाच्या फाटकासमोर लावू नका. इथल्या जुन्या घरांतल्या आजी-आजोबांना दवाखान्यात जायला गाडी काढावी लागते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास दीक्षाभूमीला देशभरातून लोक येतात आणि लक्ष्मीनगर, शंकरनगरच्या बाजूची वाहतूक वळवलेली असते. त्या दिवसांत या भागात पायीच फिरा.

उन्हाळ्यात काय?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा अकराचा ब्रंच विसरा. साडेसातला पोहे, नऊपर्यंत घरी. तर्री कमी, सोबत ताक किंवा पन्हं. बाहेर बसायची सोय असलेले कॅफे एप्रिल ते जून मनातून काढून टाका.

खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संत्री बाजारात आलेली असतात, रस्त्याच्या कडेला ढीग लागतात, आणि सांबार इतका स्वस्त असतो की सांबारवडीत हात आखडता घेतला जात नाही. नागपूरच्या संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. कॅफेत संत्र्याचा रस मागवताना मात्र समोर काढतात का ते विचारा. संत्रानगरीत बसून डब्यातला रस पिण्यात काय अर्थ!

दहा-बारा जणांचा गट आहे. बुफे घ्यावा का?

गटात खाणारे निम्मे आणि गप्पा मारणारे निम्मे असतील तर बुफे महाग पडतो. रामदासपेठ आणि वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलांत जागा ऐसपैस असते, वाढदिवस किंवा बाहेरगावचे पाहुणे असतील तर ठीक. फोन करून तीन गोष्टी विचारा: बुफे किती वाजता लागतो आणि उचलतात केव्हा, कर धरून माणशी किती, मुलांचा दर कोणत्या वयापर्यंत. बाहेरगावच्या पाहुण्यांना वऱ्हाडी-महाराष्ट्रीय जेवण खाऊ घालायचं असेल तर विष्णू मनोहर यांची विष्णूजी की रसोई हा चांगला पर्याय आहे. एका पंगतीत इकडचे बरेच पदार्थ ताटात येतात, पाहुण्यांना वेगवेगळ्या ठिकाणी फिरवावं लागत नाही.

पोहे पार्सल नेले की घरी चव जाते. काही उपाय?

पोहे आणि तर्री वेगळ्या डब्यांत घ्या. एकत्र बांधलेले पोहे दहा मिनिटांत लगदा होतात. कांदा घरीच चिरा, शेव आणि लिंबू वेगळं बांधून मागा. तर्री गॅसवर चांगली उकळी येईपर्यंत तापवा. पोह्यांवर पाण्याचा हलका हबका मारून झाकण ठेवा, मंद आचेवर दोन वाफा आणा, परतत बसू नका. तर्री उरली तर दुपारी तिच्यात उकडलेला बटाटा कुस्करून घाला आणि पोळीबरोबर वाढा. आमच्याकडे म्हणूनच तर्री नेहमी एक वाटी जास्त आणली जाते.